बाळाचं वजन घटलं? आधी टक्केवारी काढा

जन्मताना 2 किलो 900 ग्रॅम, तिसऱ्या दिवशी 2 किलो 690. मधले 210 ग्रॅम म्हणजे बहुतेक पाणीच. पोटातून येताना बाळाच्या अंगात जादा पाणी असतं, ते पहिल्या दिवसांत लघवीवाटे उतरतं. काळी चिकट शीही पडून जाते. बाळंतपणात आईला बरंच सलाइन लागलं असेल तर जन्मवजन थोडं फुगलेलं असतं, मग घटही मोठी दिसते.

घट भागिले जन्मवजन, गुणिले 100. इथे आले सव्वासात टक्के. पूर्ण दिवसांच्या बाळात 7 टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची. त्यापुढे गेली की बाळ पिताना जाणकार नर्सला समोर बसून बघू द्या. 10 टक्के घटली, म्हणजे या बाळाचं वजन 2 किलो 610 वर आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वजन दरवेळी त्याच डिजिटल काट्यावर, उघड्या अंगाने करा. ओला लंगोट आणि दुपटं धरलं तर सगळा हिशोबच फसतो. रोज मोजायची गरज नाही; घरी काट्यापेक्षा लंगोट जास्त सांगतो. पहिल्या दिवशी एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा. शी काळ्यावरून हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. लंगोटावर विटकरी डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत चालतो. नंतरही दिसला तर दूध कमी पडतंय.

दूध कमी पडण्याचं कारण बहुतेकदा पकडीत असतं. बाळाने नुसतं बोंड चोखलं तर आईला दुखतं आणि बाळ उपाशी राहतं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात, आणि गिळल्याचा आवाज: एवढं जमलं पाहिजे. दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजा. झोपाळू बाळाला उठवावं लागतं. ‘शांत आहे, झोपू दे’ हा सल्ला इथे घातक ठरतो. बाळ ओढत नसेल तर चीक हाताने पिळून वाटी-चमच्याने द्या. सुरुवातीला एका वेळी चमचा-दोन चमचेच निघतो, तेवढा पुरतो. साखरपाणी, मध, गुटी मात्र नको.

बाळ सुस्त पडलं, पिणं सोडलं, ताप आला, टाळू खोल गेली किंवा कावीळ पायांपर्यंत उतरली, तर टक्केवारी मोजत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून वजन रोज 20 ते 30 ग्रॅमने चढू लागतं. आशाताई तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी येतात तेव्हा वजन कागदावर लिहून घ्या. चौदाव्या दिवशीही जन्मवजन गाठलं नसेल तर बाळ कितीही टवटवीत दिसो, डॉक्टरांना दाखवा.