उतारावर रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) बांधताय? आधी पाण्याला वाट करून द्या

डोंगरउतारावर घरासाठी जागा सपाट करताना सगळ्यांचं लक्ष भिंत किती जाड, सळई किती एमएमची यावरच असतं, पण भिंत पडते ती बहुतेक वेळा मागे साचलेल्या पाण्यामुळे. २ मीटर पाणी तुंबलं की तळाशी दर चौरस मीटरला साधारण २ टन जोर बसतो, आणि मातीचा दाब वेगळाच.

म्हणून भिंतीच्या मागे लगेच खोदलेली माती ढकलू नका (कॉन्ट्रॅक्टरला तेच सोपं पडतं म्हणा). तिथे फूटभर जाडीचा तरी खडीचा थर भरा, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), तळाला भोकं असलेला पाइप उतार देऊन बाहेर काढा आणि भिंतीत वीप होल (पाणी बाहेर पडायची आरपार भोकं) ठेवा. वीप होलच्या आतल्या तोंडाशी जाळी लावलीय का ते स्वतः वाकून बघा, नाहीतर एका पावसात गाळाने बुजतात.

खोदाई पावसाळ्याआधी उरकेल अशीच धरा, आणि अख्खा उतार एकदम न कापता तुकड्या-तुकड्याने, एक भाग बांधला की मग पुढचा. निघालेली माती वरच्या कडेला तर अजिबात रचू नका. वरच्या जमिनीला कडेला समांतर भेग दिसली तर काम थांबवून माणसं आधी खड्ड्यातून बाहेर काढा, मग इंजिनिअरला फोन.