गेजवर ऑइल वाढलंय? पेरणीला उतरायच्या आधी नोझल बघून घ्या

वळीव एकदोन बरसले की बेळगावच्या खानापूर, कडोली भागात धूळवाफीची (कोरड्या मातीतल्या भातपेरणीची) गडबड सुरू, निपाणी-चिकोडीकडं सोयाबीनवाले मृगाकडं डोळे लावून बसलेले. धूळवाफीला दिवस किती मिळतात हे तुम्हाला सांगायला नको, एकदा मोठा पाऊस लागला की बसा चिखल करत अन रोपलावण करत. आणि नेमक्या ह्याच दिवसांत दरवर्षी कुणाचातरी जुना ट्रॅक्टर बांधावर उभा दिसतो, इंजन जाम. मागचं विचारलं तर उन्हाळाभर नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारं टोक) गळत होतं, पण "सुरू होतोय की" म्हणून कोण बघितलं नाही.

आपल्याकडं ऑइल कमी झालं तर सगळे घाबरतात, वाढलं तर खूश. "आमची गाडी ऑइल खातच नाही बघा" असं कौतुकानं सांगतात. अहो ऑइल आपोआप कसं वाढेल? नोझलची सुई नीट बसली नाही की डिझेलची फवारणी व्हायच्या जागी थेंब पडतात, ते पूर्ण जळत नाहीत, लायनरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरात (इंजनच्या बुडाच्या ऑइलमधे) उतरतात. ऑइल पातळ झालं की आधी बेअरिंग जातं मग क्रँक, आणि हे सगळं भर लोडवर, म्हणजे नांगर नाहीतर रोटर चालू असतानाच होतं.

म्हणून रोज सकाळी थंड इंजनवर गेज (ऑइल मोजायची कांडी) बघा, कमी झालंय का एवढंच नको, वाढलंय का ते पण. गेजवरचा एक थेंब जुन्या पेपरावर टाकून अर्धा तास ठेवा. मधे काळा डाग आणि त्याच्या बाहेर लांबपर्यंत पसरलेलं फिकट तेलकट कडं दिसलं, वर डिझेलचा वास आला, तर माझ्या अंदाजानं नोझल नाहीतर फीड पंपाचा डायफ्राम (टाकीतनं डिझेल ओढणाऱ्या पंपातला पडदा) गेलाय. ही काय लॅबची टेस्ट नव्हे, पण शेतात उपयोगी पडते. डायफ्राम आधी तपासा, तो स्वस्तातला, उगाच नोझल बदलून बसाल.

सकाळी सुरू करताना पांढरा धूर, टक टक आवाज, एकच सिलिंडर मिस मारणं, ह्या बहुतेक नोझलच्या खुणा. तीन सिलिंडरच्या गाडीत इंजन हळू चालू ठेवून एकेका प्रेशर पाइपचा (पंपाकडनं नोझलला येणाऱ्या) नट पान्यानं थोडा सैल करायचा, ज्याचा सैल केल्यावर आवाजात फरकच पडत नाही तिथं घोटाळा. पण हात लांब ठेवा, चिंधी गुंडाळून पण धरू नका. नोझल बाहेर काढून चालू इंजनावर फवारा बघायचा नाद तर अजिबात नको, ते डिझेल कातडी फोडून आत घुसतं, वरून सुईएवढं भोक दिसतं आणि आतून बोट सडतं. असं झालं तर हळद लावत बसू नका, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात.

बाहेरून गळत असेल तर बरंचसं काम घरचं आहे. रिटर्न पाइपचा वायसर, प्रेशर पाइपचा नट, आणि नोझल ज्यात बसतं त्या होल्डरच्या बुडाला असलेला तांब्याचा वायसर. बुडाशी ओला काळा कार्बन आणि फुस फुस आवाज असला तर तोच गेला. नवीन घाला, किरकोळ पैशात येतो. जुना भोकातच चिकटलेला असतो तो काढायचं विसरून वर दुसरा बसवतात, मग नोझल वर राहतं आणि फवारा भलतीकडंच जातो. दोन्ही बाजूचे नट थोडे थोडे सारखे आवळा.

आता बदलायचं झालं तर. जुन्या बी-२७५, मॅसी १०३५, एचएमटी, नदीकाठची किर्लोस्करची ५ एचपी इंजनं, ह्यांना "दिसायला सेम" नोझल दुकानदार हातात ठेवतो आणि चुडी (आटे) बसते म्हणून आपण घेतो. चुडी बसली म्हणजे झालं नव्हे. अंगावर नंबर कोरलेला असतो, डीएलएलए १५० एस असं काहीतरी, त्यातला १५० म्हणजे फवाऱ्याचा कोन, एस म्हणजे जाड अंगाचं. कोन चुकला तर डिझेल पिस्टनवर नाहीतर लायनरवर आदळतं आणि परत तेच, चेंबरात डिझेल. पूर्ण नंबर जुळवा, शेवटचे आकडे पण. जुन्या डब्यावर मायको असेल आणि नव्यावर बॉश, तर घाबरू नका, कंपनी तीच, २००८ ला नाव बदललं. नंबर झिजला असेल तर जुनं नोझल, इंजनचा नंबर आणि पंपाच्या पट्टीचा फोटो तिन्ही घेऊन जा. बेळगावच्या उद्यमबागेत (कारखान्यांच्या भागात) होल्डरचा नट, पाइपचं निपल काय पण करून मिळतं, पण सुई आणि तिचं घर जोडीनंच घासलेलं असतं, ह्याची सुई त्याला घालू नका.

नवीन नोझल पण टेस्टरवर (नोझलचं प्रेशर तपासायच्या हातपंपावर) सेट केल्याशिवाय बसवू नका. जुन्या डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांना साधारण १८० ते २२० किलो (चौरस सेंटिमीटरला), पिंटलवाल्यांना (सुईच्या टोकाला पिन असलेल्या नोझलना) १०० ते १३० च्या आसपास, तुमच्या इंजनचा आकडा पुस्तकात बघा. मेस्त्रीला समोर टेस्ट करायला सांगा, उघडायच्या प्रेशरच्या २० किलो खाली १० सेकंद धरलं तर टोकावरनं थेंब पडता कामा नये.

टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटल्या खपवायचा आता सीझनच आहे. झिजलेली सुई बाटलीनं भरून येत नाही. "पंपासकट सगळा सेट बदला" म्हणणाऱ्याकडं पण आधी टेस्टरवरचा काटा बघायला मागा. त्यापेक्षा फिल्टर बदला, तळाचं पाणी सोडा, पंपावरनं डिझेल आणता तो कॅन उघड्यावर ठेवू नका, आणि जाड कापडातनं गाळूनच ओता.

बाकीची कामं:
- भात बी: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगलेलं काढा, दोनदा धुवा, सावलीत वाळवा
- सोयाबीन: उगवण घरी तपासा, १०० पैकी ७० च्या खाली असेल तर बी वाढवा
- सोयाबीनच्या बियाला आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं, १० किलो बियाला २५०-२५० ग्रॅम
- ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच सोयाबीन पेरा, खोली ३ ते ५ सेंमी
- अनुदानाच्या बियाण्यासाठी रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या) आधीच जाऊन या

आणि आज गेज बघितलं अन ऑइल वर चढलेलं दिसलं तर "एवढी पट्टी मारून घेतो" म्हणू नका. आधी गळती सापडवून बंद करा, मग ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. नुसतं जास्तीचं ऑइल काढून लेव्हल करणारे बघितलेत मी, आत राहिलेलं पातळच असतं की ते.