स्तोत्र १०७ पाठ आहे? मग २८ व्या वचनापासून म्हणून दाखवा

मंडळीच्या वचन-पाठांतर स्पर्धेला किंवा युवकांच्या बायबल क्विझला स्तोत्र १०७ लागलंय आणि तुम्ही पहिल्यांदाच उतरताय, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. स्तोत्रसंहिता म्हणजे काय, दावीद कोण, हे सांगत बसत नाही. संडे स्कूलच्या बाकावर बसलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. स्तोत्र २३ तर आपल्याला झोपेतही येतं. त्याची वचनं सहा, याची ४३, म्हणजे थोडे दिवस जास्त लागतील, एवढाच हिशोब आपण करतो. तो हिशोब चुकीचा आहे. लांबी कुणाला पाडत नाही. या स्तोत्रात माणूस पडतो तो पालुपदापाशी.

रचना थोडक्यात. पहिली तीन वचनं प्रस्तावना. मग संकटात सापडलेल्या चार तऱ्हेच्या माणसांची हकिकत: रानात वाट चुकलेले (४ ते ९), अंधारात बेड्या घालून पडलेले (१० ते १६), आपल्याच वागण्याने आजारी पडून मरणाच्या दारात पोचलेले (१७ ते २२) आणि जहाजं घेऊन दर्यात गेलेले (२३ ते ३२). त्यापुढे ३३ ते ४३, ज्याकडे बहुतेक जण शेवटच्या रात्री वळतात आणि पस्तावतात. त्याचं पुढे बोलू.

पालुपदं दोन आहेत. एक धाव्याचं: संकटात त्यांनी परमेश्वराला हाक मारली आणि त्याने त्यांना सोडवलं. हे ६, १३, १९ आणि २८ मध्ये येतं. दुसरं उपकाराचं: त्याच्या दयेबद्दल, मानवांसाठी केलेल्या त्याच्या अद्भुत कृत्यांबद्दल लोकांनी त्याचे आभार मानावेत. हे ८, १५, २१ आणि ३१ मध्ये.

आता हे आकडे एकदा सावकाश वाचा. ६ नंतर ८. १३ नंतर १५. १९ नंतर २१. दर वेळी मध्ये एकच वचन. त्यामुळे न सांगता डोक्यात नियम बसतो: धावा, मध्ये एक वचन, मग उपकार. तीनदा तो नियम चोख चालतो. चौथ्यांदा मात्र २८ नंतर ३१ आहे, ३० नाही. दर्यावर्द्यांच्या भागात मध्ये दोन वचनं आहेत. २९ मध्ये वादळ शमतं आणि लाटा निवतात. ३० मध्ये त्या शांततेने माणसं आनंदतात आणि देव त्यांना हव्या असलेल्या बंदराला नेतो. पाठ करणारा २९ म्हणतो, जीभ सवयीने उपकारांवर जाते आणि ३० गळतं.

मी तिथेच गेले. गळलं ते मला कळलंसुद्धा नाही, आणि सर्वांत वाईट तेच. अडखळलं तर निदान थांबून मागे जाता येतं. इथे ओघ तुटत नाही, अर्थही बिघडत नाही, समोर बसलेले शांतपणे मान हलवतात आणि ती मान होकाराची वाटते. निकाल लागल्यावर कुणीतरी सांगतं की बंदर राहिलं. अजून हे लिहिताना पोटात गोळा येतो. कोकणात जन्मलेल्या बाईने होड्या बंदराला लावायच्या विसराव्यात!

हा सापळा याच्याहून खोल आहे, म्हणून अजून जरा सांगते, कंटाळू नका. धाव्याचं पालुपद चारही ठिकाणी जवळपास सारखंच ऐकू येतं. ते म्हणत असताना तुम्ही कुठल्या भागात आहात हे त्या ओळींत लिहिलेलं नसतं. ते तुमच्या डोक्यात असावं लागतं. समजा तुम्ही १३ म्हणालात, बेड्यांतल्या माणसांनी धावा केला, आणि पुढे १४ ऐवजी २० आलं, देवाने आपला शब्द पाठवून त्यांना बरं केलं. तिथून २१, २२ आणि थेट २३ वर जहाजं. सहा वचनं गेली. बेड्या तुटल्याच नाहीत, आजारी माणूस आलाच नाही आणि तुम्ही मात्र खुशाल दर्यात. कानाला काही खटकत नाही, कारण सांधा पालुपदाचा आहे आणि पालुपद कुठेही बसतं.

यावर आकडे घोकणं हा उपाय नव्हे. मी वहीच्या पाठीमागे ६-१३-१९-२८ लिहून ते रटले होते, त्याचा उपयोग फक्त ‘कितव्या वचनात?’ या प्रश्नाला झाला. उपाय हा की प्रत्येक धाव्यापाशी दोन गोष्टी मनाशी बोलायच्या: हाक कोणाची, आणि मिळालं काय. वाट चुकलेल्यांना सरळ वाट आणि राहायला नगर मिळतं. कैद्यांची अंधारातून सुटका होते, बंधनं तुटतात. आजाऱ्यांना शब्द. दर्यावर्द्यांना आधी शांत समुद्र, मग बंदर. त्यांनाच दोन गोष्टी का? कारण समुद्र निवळला म्हणजे घरी पोचलो असं होत नाही, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही सांगावं लागत नाही. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या होड्या आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या, आठवत असेल. ३० वं वचन मी आता देवगडला बांधून ठेवलंय. निसटत नाही.

उपकाराच्या पालुपदानंतरही घोळ होतो, पण तो छोटा. ९ आणि १६ मध्ये आभाराचं कारण येतं: भुकेल्या जिवाला त्याने तृप्त केलं, पितळी दारं फोडली आणि लोखंडी अडसर तोडले. २२ आणि ३२ मध्ये कारण नाही, काय करायचं ते येतं: उपकाराची अर्पणं वाहा आणि त्याची कृत्यं गाऊन सांगा, लोकांच्या सभेत आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकीत त्याची थोरवी गा. पहिल्या दोन भागांत कारण, पुढच्या दोन भागांत काम. एवढं धरलं की पुरे.

आता स्वतःची परीक्षा घ्यायची कशी. मोबाइलवर चार पर्यायांचे खेळ मिळतात, ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी पाठवतं. माझं मत कडक आहे: ते खेळ सोडा. पर्याय समोर असताना बरोबर उत्तर ओळखू येतं, पण स्पर्धेत पर्याय नसले की घशाला कोरड पडते. त्या खेळांत पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं कोऱ्या कागदापुढे अडलेली मी पाहिली आहेत.

चालीवर बसवण्याचंही तेच. ना. वा. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांच्यापासून मराठी मंडळीला भजन-कीर्तनाची गोडी लागली ती सुटलेली नाही, आणि सुटूही नये. पण १०७ पाठ करण्यासाठी चाल लावू नका. चाल पालुपदाला आणखी गुळगुळीत करते आणि चारही ठिकाणं एकसारखी होऊन बसतात. उपासनेत गा की, कोण नको म्हणतंय. पाठांतर कोरडं करा.

कोरा कागद घ्या आणि मधूनच सुरू करा. एके दिवशी १९ पासून, दुसऱ्या दिवशी २८ पासून, कधी १५ पासून. पहिल्या वचनापासून रोज सुरुवात केली तर पहिली दहा वचनं पक्की होतात आणि ३५ च्या पुढे धुकं राहतं. लिहून झाल्यावर पुस्तकाशी ताडताना आधी वचनं मोजा, शब्द नंतर तपासा. गळलेलं वचन शब्द तपासताना दिसत नाही, मोजताना दिसतं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत काहींना आवडणार नाही. ज्याला स्तोत्र उत्तम येतं त्याच्यासमोर म्हणू नका, निदान रोज तरी नको. तो मायेपोटी सांगतो. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की त्याच्या ओठांवर पुढचा शब्द असतो, आणि तुम्हाला वाटतं आपल्यालाच आठवलं. मला खरी मदत झाली ती शेजारच्या काकांची. ते तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, चर्चशी संबंध नाही, बायबल कधी उघडलेलं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून ओट्यावर जाळी तुणत बसलेले असायचे. मी त्यांना दर्याचा भाग ऐकवला. लाटा आभाळापर्यंत चढतात, खोल उतरतात, माणसं दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खातात आणि त्यांचं सगळं शहाणपण संपतं. हे २६ आणि २७ ऐकून त्यांनी नुसती मान डोलावली. मग २९ वर मी थांबले तर म्हणाले, “मगे? खंयच्या बंदराक लागले?” त्यांना पुढचं येत नव्हतं, पण गोष्ट अर्धी आहे हे बरोब्बर कळलं. असा ऐकणारा शोधा. आजी, शेजारी, धाकटा भाऊ, कुणीही चालेल. त्याने पुस्तक हातात धरायचं नाही, फक्त ‘मग?’ विचारायचं.

आता ३३ ते ४३. इथे पालुपद नाही, आधार नाही, आणि म्हणून भीती वाटते. घाबरू नका, हा भाग दिसतो त्यापेक्षा सोपा आहे, कारण तो भरती-ओहोटीसारखा चालतो. नद्यांचं रान होतं, सुपीक जमीन खारट होते (३३, ३४). मग रानाचं तळं होतं, भुकेले तिथे नगर वसवतात, शेतं पेरतात, द्राक्षमळे लावतात, गुरं कमी होत नाहीत (३५ ते ३८). मग पुन्हा माणसं घटतात, जुलमाने खचतात, आणि सरदारांवर तुच्छता ओतली जाते (३९, ४०). मग गरीब वर येतो (४१). शेवटी सरळ माणसं हे पाहून आनंदतात, आणि शहाण्याने याकडे लक्ष द्यावं म्हणून स्तोत्र संपतं. ३४ तर आपल्याला पाठही करावं लागू नये. बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं की काय होतं ते आपण बघतोच. फक्त स्तोत्रात ते तिथल्या लोकांच्या दुष्टपणामुळे होतं, हे उत्तरात विसरू नका.

प्रश्न कसे येतात? हमखास येणारा: या स्तोत्राचा कर्ता कोण? घाईत हात वर करून ‘दावीद’ म्हणणारे दर वेळी असतात. स्तोत्र १०७ ला शीर्षकच नाही, कर्त्याचं नाव दिलेलं नाही. हिब्रू पाठात दाविदाच्या नावावर १५० पैकी ७३ स्तोत्रं आहेत, म्हणजे निम्म्याहून कमी. दुसरा: स्तोत्रसंहितेच्या पाच विभागांपैकी हे कोणत्या विभागात येतं? पाचव्या, आणि त्यातलं पहिलंच. चौथा विभाग १०६ ला संपतो. तिसरा जरा हुशारीचा: चारांपैकी कोणत्या दोन गटांचा अपराध सांगितलाय? कैद्यांचा (११) आणि आजाऱ्यांचा (१७). वाट चुकलेल्यांचा आणि दर्यावर्द्यांचा अपराध कुठेच लिहिलेला नाही, आणि २५ मध्ये वादळ तर देवाच्याच आज्ञेने उठतं. वस्तीचं नगर किती वेळा? ४, ७ आणि ३६ अशी तीन वचनं. संदर्भ जुळवायला सांगितले तर २३ ते ३० साठी योनाचा पहिला अध्याय आणि मार्क ४ मधलं वादळ, १६ साठी यशया ४५:२, आणि ४० साठी ईयोब १२:२१ व २४. परीक्षकांना ईयोबाचा संदर्भ भारी आवडतो, का ते देव जाणे.

कोणत्या भाषांतरातून म्हणायचं हे मात्र आयोजकांना पहिल्याच दिवशी विचारा. भाषांतर बदललं की शब्द बदलतात, आणि पक्कं झालेलं पाठांतर बदलणं नव्याने करण्यापेक्षा जड जातं. वसई किंवा रेवदंडा-कोर्लईकडच्या कॅथलिक घरांतून येत असाल तर आणखी एक. लॅटिन परंपरेवरच्या जुन्या पुस्तकांत हेच स्तोत्र १०६ म्हणून छापलेलं असतं. तिथे ९ आणि १० ही स्तोत्रं एकत्र धरल्यामुळे पुढचे बहुतेक आकडे एकाने मागे राहतात आणि १४८ पासून पुन्हा जुळतात. घरचं जुनं पुस्तक घेऊन बसलात तर पहिलं वचन बघूनही खात्री करू नका. ‘परमेश्वराचे उपकारस्मरण करा, कारण तो चांगला आहे’ ही सुरुवात १०७, ११८ आणि १३६ तिन्हींची आहे, आणि १०६ च्या पहिल्याच वचनातही ती आहे. चौथं वचन उघडा. रानात भटकणारे दिसले की तेच आपलं स्तोत्र.

आणि एवढं जमलं की उत्साहाच्या भरात लगेच १०८ हाती घेऊ नका. त्याची १३ च वचनं बघून मोह होतो. ते ५७ च्या शेवटच्या पाच वचनांनी आणि ६० च्या शेवटच्या आठ वचनांनी बनलेलं आहे, किरकोळ फरकांसह. आधी ती दोन पाठ करा, नाहीतर तिन्हींची सरमिसळ होते.