मोठ्या कंपनीचं नवीन एआय टूल आलंय, भरवसा ठेवायचा का? बघायची एक रीत

२०२५ मध्ये जिओनं गूगलचं जेमिनी हे एआय टूल दीड वर्ष फुकट दिलं, एअरटेलनं पर्प्लेक्सिटी हे असंच टूल वर्षभर दिलं, व्हॉट्सॲपमध्ये मेटा एआयचा निळा गोल आधीपासून होताच, त्यामुळं आपल्या सोलापुरात नव्या पेठेतल्या दुकानदारापासून अक्कलकोट रोडच्या टॉवेलवाल्यापर्यंत सगळ्यांचं एकच विचारणं, हे वापरायचं का नाही.

कंपनी केवढी मोठी आहे ते बघून काही ठरवू नका. गूगलनं फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्ड नावाचा चॅटबॉट दाखवला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या जाहिरातीतच जेम्स वेब दुर्बिणीबद्दल चुकीचं उत्तर होतं, आणि एका दिवसात गूगलची मालक कंपनी अल्फाबेटचं बाजारमूल्य १०० अब्ज डॉलरच्या आसपास उतरलं. आपण बघायचं ते एवढंच की आपल्या कुठल्या कामाला हे चालतंय.

त्यासाठी पहिल्यांदा ज्यातलं तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं ते विचारा. टॉवेलचा धंदा असेल तर विचारा, ७५ बाय १५० सेंटिमीटर, ४०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम), डझनाचं वजन किती? ५.४ किलो यायला पाहिजे. मग लगेच विचारा, ह्याला जीएसटी किती लागेल. इथं खरी गंमत आहे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याच्यावर १८ आहे, त्याआधी हीच मर्यादा १००० होती आणि वर १२ टक्के. मी विचारलं तर एका टूलनं जुनाच दर असा ठासून सांगितला की नवख्या माणसानं तसंच बिल फाडलं असतं. टूलच्या आतलं मॉडेल एका तारखेपर्यंतच्या मजकुरावर शिकवलेलं असतं, पुढचं कळायला त्यानं वेबवर शोधावं लागतं, आणि शोधलं का नाही ते दरवेळी सांगतंच असं नाही. म्हणून दर, तारीख, नियम असलं काही असेल तर लिंक मागायची आणि ती उघडून बघायची. नुसती लिंक दिसली म्हणून खूश व्हायचं नाही, आत भलतंच असतं कधी कधी.

दुसरं म्हणजे त्याला मुद्दाम चुकीचं सांगून बघा. विचारा, आपल्या चार हुतात्म्यांना सोलापूरच्या जेलमध्ये फाशी दिली ना? सोलापूरच्या ह्या स्वातंत्र्यसैनिकांना फाशी पुण्याच्या येरवडा जेलात झाली, १२ जानेवारी १९३१ ला. टूल "हो, बरोबर" म्हणालं तर समजा, हे तोंड बघून बोलणारं आहे, हिशोबाला बसवायचं नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवणुकीचे नंदीध्वज सात असतात, तुम्ही पाच म्हणा आणि बघा काय करतंय. आणि हेच प्रश्न मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा, सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतले असाल तर घरच्या तेलुगूत पण विचारा, उत्तरं वेगळी आली तर ज्या भाषेत तुम्ही रोज वापरणार त्या भाषेतलंच धरायचं.

आता आत काय टाकायचं ते. पार्टीचे (गिऱ्हाइकाचे) रेट, आधार, पेशंटचे रिपोर्ट, कुठलाही पासवर्ड, हे नाहीच. गूगल स्वतःच जेमिनीच्या प्रायव्हसी सूचनेत सांगतं की काही चॅट माणसं वाचतात, गुप्त काही टाकू नका. सॅमसंगच्या लोकांनी २०२३ मध्ये कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीला असली टूल्सच बंद करावी लागली, तिथं तर सगळे इंजिनियर ओ! व्हॉट्सॲपवर मित्राशी केलेली चॅट एन्क्रिप्टेड असते, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाही, पण मेटा एआयला जे विचारता ते मेटाकडं जातं, हा फरक घरातल्या पोरांना पण सांगा. चॅटजीपीटीच्या डेटा कंट्रोल्समध्ये तुमच्या चॅटवर मॉडेल शिकवायचं बटण असतं, ते पहिल्या दिवशीच बंद करा.

चूक झाली तर कोण भरणार? कॅनडात २०२४ मध्ये एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं प्रवाशाला चुकीचं सांगितलं, तिथल्या न्यायाधिकरणानं कंपनीला भरपाई द्यायला लावली. पण तो बॉट कंपनीनंच गिऱ्हाइकापुढं बसवला होता. तुम्ही टूलला विचारून रिटर्न भरलं तर नोटीस तुमच्याच नावानं येणार, तेव्हा शेवटची नजर सीएचीच पाहिजे.

आणि फुकटच्या वर्षासाठी कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागितलं तर मुदत संपायची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरात टाका, नाहीतर यूपीआय ॲपमध्ये जाऊन तो मॅन्डेट (म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी) आत्ताच रद्द करून ठेवा.