वजनाची बॅग घातली की कुत्रा उंटासारखा चालायचा : माझा अनुभव

आमचा जर्मन शेफर्ड, तीन वर्षांचा, २८ किलोचा. दम वाढावा म्हणून टेकडीवर पाठीवर बॅग घालून नेत होतो. दहा मिनिटांत चाल बिघडायची : एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलायचा. शिवाय पुढच्या काखेत केस जाऊन कातडी लाल. पट्टा आवळला, खोबरेल लावलं, वेग कमी केला. दोन महिने फुकट गेले.

डॉक्टरांनी सांधे तपासून ठीक सांगितले, म्हणजे दोष बॅगेत. काखेतली कातडी भरेपर्यंत बॅग बंद. मग आठवडाभर रिकामी बॅग. आत पाण्याच्या बाटल्या होत्या; त्या हिंदकळायच्या आणि कमरेकडे सरकायच्या. त्या काढून वाळूच्या घट्ट पुरचुंड्या केल्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून दोन्ही बाजूंना २५०-२५० ग्रॅम. वजन पुढे, खांद्याच्या फऱ्यांवर येईल असं बसवलं. छातीचा पट्टा कोपरापासून चार बोटं मागे, आत दोन बोटं जातील इतका सैल. माझी चूक तिथेच होती, मी आवळत होतो.

त्यानंतर एक दिवसाआड २० मिनिटं, फक्त चालणं. धावणं, उड्या नाहीत. दर आठवड्याला दोन्हीकडे १०० ग्रॅम वाढ. चाल बदलली की त्याच क्षणी बॅग खाली, पुढच्या वेळी मागच्या आठवड्याचं वजन. आता २ किलो घेऊन सरळ चालतो, काखेत केस परत आलेत. वाढत्या पिल्लाला मात्र हे अजिबात नको.