नायट्रो आरसी कारच्या टाकीचं मॉडिफिकेशन कसं करायचं

नायट्रो आरसी कार, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारी रिमोटची छोटी गाडी, चालवताना टाकी अर्धी झाली की इंजिनचा आवाज आपोआप वर चढतो, वळणावर गाडी खोकते, मग तुम्ही नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) फिरवून ट्यून करता आणि पुढच्या टाकीला परत तेच. असं होत असेल तर कार्बला (कार्ब्युरेटर, जिथे हवा आणि इंधन मिसळतं) हात लावायच्या आधी टाकी काढून बघा. बहुतेक नायट्रो गाड्यांना फ्युएल पंप नसतो. ट्यून्ड पाइपमधून (गाडीच्या एक्झॉस्ट पाइपमधून) एक बारीक नळी टाकीच्या वरच्या निपलला, म्हणजे नळी जोडायच्या छोट्या तोंडाला, येते, एक्झॉस्टचं प्रेशर टाकीत साठतं आणि तेच प्रेशर इंधन कार्बकडे ढकलतं. झाकण जरासं जरी लीक झालं तरी प्रेशर पडतं, मिक्स्चर लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी), आणि या इंजिनाला ऑइल वेगळं नसतं, ते इंधनातच मिसळलेलं असतं, म्हणजे इंधन कमी तर वंगणही कमी आणि पिस्टन आणि स्लीव्हची (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याची) वाट लागते.

म्हणून मोठी टाकी बसवायचा नाद सोडा असं मी सगळ्यांना सांगतो. रेसिंगमध्ये तर १/८ बगीला (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याची ऑफ-रोड गाडी) टाकीची १२५ सीसीची मर्यादा आहेच, १/१० टूरिंगला (दहाव्या हिश्श्याची रस्त्यावरची गाडी) ७५. आहे तीच टाकी हवाबंद करा आणि शेवटपर्यंत इंधन उचलेल अशी करा.

सामान फार नाही. २.४ मिमी आतल्या व्यासाची सिलिकॉन फ्युएल ट्यूब, छोटा क्लंक म्हणजे नळीच्या टोकाला बसणारा जड फिल्टर, झाकणाची नवीन ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), रबर ग्रॉमेट (स्क्रूखाली बसणारी रबरी चकती), एक झिप टाय, सिरिंज आणि चिमटा.

आधी इंधन पूर्ण काढा आणि टाकी झाकण उघडं ठेवून मोकळ्या हवेत वाळू द्या. हे घाईत करू नका, कारण इंधनात मिथेनॉल असतं, त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही, आणि ते विषारी असून कातडीतूनही शरीरात जातं, त्यामुळे ग्लोव्हज घाला. जवळ गॅस, सिगरेट, सोल्डरिंग काही नको, आणि नळीला तोंड लावून फुंकायचं तर अजिबात नाही.

आता लीक टेस्ट. कार्बकडे जाणारी नळी चिमटीत बंद करा, प्रेशर निपलला सिरिंज जोडा, टाकी पाण्याच्या बादलीत बुडवा आणि हळू हवा भरा. बुडबुडे झाकणातून आले तर ओ-रिंग बदला, झाकणाची स्प्रिंग सैल वाटली तर तीही बदला. निपलच्या बुडाशी आले तर निपल काढून साफ करून परत घट्ट बसवा. पण टाकीच्या जोडावरून आले तर सरळ नवीन टाकी घ्या, कारण त्या प्लॅस्टिकवर गोंद धड चिकटत नाही आणि चिकटला तरी मिथेनॉलपुढे बहुतेक टिकत नाही. नंतर टाकी पूर्ण कोरडी करा आणि थोडं इंधन आत फिरवून फेकून द्या, पाण्याचा थेंबही राहायला नको.

क्लंकचं काम जरा नाजूक आहे. आतल्या बाजूने निपलचं तोंड दिसत असेल तरच हे करा, टाकीला नवीन भोक पाडू नका. चिमट्याने ट्यूबचा तुकडा आतल्या तोंडावर चढवा, टोकाला क्लंक लावा आणि लांबी अशी ठेवा की तो तळाच्या मागच्या बाजूला मोकळा पडेल, पण भिंतीला चिकटणार नाही, २-३ मिमी फट हवीच. मागेच का? ॲक्सिलरेट करताना इंधन मागे सरकतं आणि इंजिनाला सगळ्यात जास्त इंधन तेव्हाच लागतं, ब्रेक मारल्यावर ते पुढे जातं पण तेव्हा थ्रॉटल बंद असतो, त्यामुळे तेवढं चालून जातं.

टाकी परत चॅसिसवर लावताना स्क्रूखाली रबर ग्रॉमेट घाला. इंजिनाच्या थरथरीने इंधनाला फेस येतो, फेस म्हणजे हवा, आणि ती हवा थेट कार्बमध्ये जाते, लोक याकडे लक्षच देत नाहीत. नळ्या कुठे दुमडत नाहीत ना, एक्झॉस्टला टेकत नाहीत ना ते बघा. झाकणाच्या कानात झिप टायचा लूप केला की बोटाने पटकन उघडता येतं.

शेवटी ट्यूनिंग. प्रेशर बदललंय, त्यामुळे जुनी सेटिंग चालणार नाही. हाय-स्पीड नीडल पाव फेरा उघडून रिचपासून, म्हणजे जास्त इंधनापासून, सुरुवात करा, फुल थ्रॉटलला निळसर धुराची रेघ दिसलीच पाहिजे. इंजिन गरम झालं की आयडलवर (थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना) कार्बजवळ इंधनाची नळी दाबून धरा, दोन-तीन सेकंद चालून आवाज थोडा वर जाऊन बंद पडलं तर लो-एंड (कमी वेगाचं मिक्स्चर) ठीक, लगेच बंद पडलं तर लीन. मग टाकीत पाव इंधन उरलेलं असताना गाडी आठच्या आकारात फिरवा, दोन्ही बाजूंच्या वळणांवर आवाज सारखा राहिला तर क्लंक बरोबर बसलाय, एकाच बाजूला खोकली तर ट्यूब थोडी कापून परत बघा.