मस्जिद बंदरला जाण्याआधी

सोमवारी पेढीवर जायचंय, तेव्हा शनिवारीच हे उरकून ठेव. बॅगेत आधी वायरचा साधा माउस टाक. टचपॅडवर आपल्या जावातल्या बिलांच्या प्रोग्रॅमचं टेबल कधीच बिघडत नाही. बिघडतं ते पेढीवरच्या मेहताजींच्या हाताखाली, कारण त्यांचा माउस उघड्या वहीवर असतो आणि बटण दाबता दाबता सरकतो. स्विंगमध्ये (जावाची खिडक्या-बटणांची लायब्ररी) दाबणं आणि सोडणं यांत माउस जरा जास्त हलला की तो ड्रॅग ठरतो, माउसक्लिक्ड, म्हणजे क्लिक झाल्याचा इव्हेंट (प्रोग्रॅमला मिळणारी सूचना), येतच नाही. ओळ मात्र दाबतानाच निवडली जाते. म्हणून ओळ निळी होते, बिल उघडत नाही, आणि आपल्याला फोन येतो की "अडकतंय". डबलक्लिकने बिल उघडणारा कोड माउसप्रेस्डमध्ये, म्हणजे बटण दाबल्याच्या इव्हेंटमध्ये, हलव आणि घरी वहीवर माउस ठेवूनच तपास. हसू नकोस, मी तपासलंय.

मग राइट क्लिक. मेनू दाखवायची खूण विंडोजवर बटण सोडताना मिळते, तुझ्या मॅकवर दाबताना. दाबताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ती खूण तपासली नाहीस तर तुझ्याकडे चालेल, तिथे चालणार नाही. राइट क्लिकने जेटेबल (स्विंगचं टेबल) ओळ निवडत नाही. रोअॅटपॉइंटने माउसखालची ओळ काढ, उणे एक आलं, म्हणजे तिथे ओळच नसली, तर गप्प बस, नाहीतर निवड करून मगच मेनू दाखव. तारखेनुसार सॉर्ट केलेलं असताना पडद्यावरची ओळ आणि मॉडेलमधली (टेबलामागच्या मूळ डेटातली) ओळ वेगळी असते. तो क्रमांक बदलून घेतला नाहीस तर रद्द करायचं एकाचं बिल आणि होईल भलत्याचंच.

रकान्यांच्या रुंदीची तक्रार जुनी आहे: रिफ्रेश केलं की सगळं पूर्ववत. दोष आपलाच. नुसता डेटा बदलला तरी आपण रचना बदलल्याचा इव्हेंट पाठवतो आणि जेटेबल रकाने नव्याने बांधतं. डेटाचा इव्हेंट पाठव, काम झालं. पार्टीचं नाव रुंद केलं की उजवीकडचे रकाने आकसतात, रक्कम टिंबांत जाते. तिथे ऑटोरिसाइझ (रकाने आपोआप लहानमोठे होणं) बंद करून आडवा स्क्रोल दे.

रुंदी बदलायला हेडरवरची पकडायची कड दोन्ही बाजूंना जेमतेम ३ पिक्सेल असते. जावा ८ विंडोजच्या १५० टक्के स्केलिंगला (पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवण्याला) दाद देत नाही, जावा ९ पासून देतं. म्हणून त्यांची जावाची आवृत्ती आणि स्केलिंग फोनवर आधीच विचारून लिहून ठेव. ओळीची उंची मुळात १६ पिक्सेल, त्यात देवनागरीची वेलांटी वरून आणि उकार खालून कापला जातो. उंची फाँटच्या मापावरून ठरव.

नवी जार (प्रोग्रॅमची फाइल) टाकण्याआधी जुनी नाव बदलून तिथेच ठेव. गाडी नेऊ नकोस, हार्बरने जा. त्या गल्लीत हातगाड्यांमागे तासभर अडकशील. पोचल्यावर माउसला हात लावायचा नाही. मेहताजींनाच पाच बिलं उघडू दे.